माणशी किती?

मे महिन्याच्या सुट्टीत, दिवाळीनंतरच्या आठवड्यात किंवा रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की मध्यमवर्गीय मराठी घरात एक हिशोब हमखास मांडला जातो. कुठेतरी जाऊन यायचे असते, मुक्काम करायचा नसतो आणि जायचे ते सगळ्यांनी. ठिकाणाचे नाव निघाले की पहिला प्रश्न येतो, ‘माणशी किती?’ तिकीट माणशी असते म्हणून हिशोबही माणशी होतो, आणि मग त्या आकड्याला पाचाने किंवा सहाने गुणून ठिकाण परवडते की नाही ते ठरते. माझ्या मते घोळ या गुणाकारातच आहे. कुटुंबाच्या सहलीत जी गोष्ट विकत घ्यायची असते ती माणशी वाटून येत नाही. पाच जण पाच तिकिटे काढून आत शिरतात, पण त्यांना हवा असतो एकच दिवस, पाचांनी मिळून घालवलेला. फाटकाच्या आत गेल्यावर तो दिवस त्यांना मिळतो की त्याचे पाच तुकडे होतात, यावर पैसे कारणी लागले की नाही ते ठरते. तिकिटाचा आकडा लहान की मोठा, ही पुढची गोष्ट झाली.

एक तिकीट आणि आत सगळे खुले, ही आजच्या पार्कांची रीत तशी नवी आहे. आपल्या जत्रेत पाळण्याचे पैसे पाळणेवाल्याला, मौत का कुआँचे त्याच्या दारात, आणि नुसते हिंडायला काहीच नाही. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडले तेव्हा तिथेही फाटकावर थोडेसे पैसे घेऊन आत राइडगणिक वेगळे पैसे घेतले जात. लवकरच त्यासाठी कुपने आली, पुढे त्यांचे ‘ए’पासून ‘ई’पर्यंत वर्ग झाले आणि सगळ्यात थरारक राइडना सगळ्यात महागडे ‘ई’ कुपन लागे. वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली यावरच एक गाजलेला लेख लिहिला. मालकाने कमाई फाटकावर करावी की प्रत्येक पाळण्यावर, हा त्याचा प्रश्न होता. डिस्नेलँडने १९८२ साली कुपने बंद करून फाटकाच्या बाजूने निकाल दिला, आणि आज जगभरच्या बहुतेक मोठ्या पार्कांत हीच रीत आहे. आईबापांच्या बाजूने पाहिले तर या बदलात मोठे सुख आहे. जत्रेत दर दहा पावलांवर ‘आता पुरे’ म्हणावे लागते. पार्कात एकदा पैसे भरले की दिवसभर ‘नाही’ म्हणायची गरज उरत नाही. खिशाकडे न बघता मुलाला होकार देता येण्याचा एक दिवस, ही पार्कात मिळणारी खरी वस्तू आहे आणि तिची किंमत मी कमी लेखणार नाही. पण अनलिमिटेड थाळीत जे होते तेच इथे होते. दर ठरतो तो भरपूर खाणाऱ्याच्या हिशोबाने, आणि भाकरीचा चतकोर खाऊन उठणाराही तेवढेच पैसे मोजतो.

त्या चतकोरवाल्यांची संख्या कुटुंबात मोठी असते. एक नेहमीचे घर डोळ्यांसमोर आणा. आजी, आईवडील, तेरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. मोठ्या राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी रंगवलेली असते. मुलगा तिच्या खाली भरतो. शेजारच्या फलकावर रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे, गर्भारपण यांची यादी असते आणि आजी तिच्यात एकदा तरी सापडतेच. मग मुलगी बाबांबरोबर वरच्या राइडच्या रांगेत, धाकटा आईबरोबर पार्काच्या दुसऱ्या टोकाच्या बालविभागात, आणि आजी सावलीतल्या बाकावर पाच जणांच्या पिशव्या, चपला आणि मोबाइल सांभाळत. वॉटर पार्कात लाटांचा तलाव तरी असा असतो की जिथे तीन पिढ्या एकत्र उभ्या राहू शकतात. पण तिथे नायलॉनच्या कपड्यांची सक्ती, साडी चालत नाही, आणि तो भाड्याचा पोशाख चढवायला बहुतेक आज्या तयार नसतात. त्याही काठावरच. अनेक पार्के ज्येष्ठांना सवलत देतात, लहानग्यांना फुकट सोडतात, मुलाचे तिकीट वयाऐवजी उंचीवरून आकारतात. हे चांगलेच आहे. पण सवलतीने तिकीट उतरते, माणसे एकत्र येत नाहीत. ती एकत्र येतात फूड कोर्टात, आणि तेव्हा बहुधा दिवसातला पहिला वाद होतो.

आता रांगेचा हिशोब. समजा एका झोकदार राइडच्या गाडीत २४ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला २० फेऱ्या, म्हणजे ४८० माणसे. सुट्टीच्या दिवशी पार्कात पाच हजार लोक आले आणि प्रत्येकाला ती राइड एकदाच हवी असली, तरी दहा तासांहून अधिक वेळ लागेल. एवढा वेळ पार्क उघडेही नसते. म्हणजे तिकिटावर ‘अमर्याद’ छापलेले असले तरी गर्दीच्या दिवशी ते सगळ्यांच्या वाट्याला येणे अंकगणितातच बसत नाही. पुढे चला. नऊ तासांच्या दिवसातून जेवण, चालणे, कपडे बदलणे आणि स्वच्छतागृहे वजा करता सात तास उरले असे धरू. रांगेसकट एका राइडला चाळीस मिनिटे लागली तर दहा राइड होतात, आणि प्रत्यक्ष पट्टा बांधून बसण्याचा वेळ अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. हेच पार्क आडवारी गाठले आणि रांग दहा मिनिटांची असली, तर तीस राइड सहज होतील. तिकीट दीड हजाराचे धरले तर रविवारी राइडमागे दीडशे रुपये पडतात आणि मंगळवारी पन्नास. मूल्य तिपटीने बदलले आणि पार्काने काहीच बदललेले नाही. आजीच्या बाबतीत मात्र हा भागाकार करता येत नाही, कारण शून्याने भागता येत नाही.

काही पार्के यावर जास्त पैशांचे रांग टाळणारे तिकीट विकतात. त्याचे समर्थन असे की ज्याला घाई आहे तो जास्त मोजतो आणि त्यामुळे बाकीच्यांचे तिकीट आवाक्यात राहते. कागदावर हे पटते. पण रांग हीच विक्रीची गोष्ट झाली की ती आखूड करण्याची निकड मालकाला किती राहील, हा साधा प्रश्न आहे. शिवाय ते तिकीटही माणशीच असते. मुलीसाठी घ्यायचे आणि बाबांसाठी नाही, असे करून चालत नाही, नाहीतर जी दोन माणसे दिवसभर बरोबर राहिली असती तीही सुटी होतात. खाण्याची कथा वेगळी सांगायला नको. घरचा डबा फाटकावर काढून घेतला जातो आणि आत वडापावचा भाव बाहेरच्या कित्येक पट असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चित्रपटगृहांपुरता निकाल दिला, की बाहेरचे खाणे अडवण्याचा अधिकार मालकाला आहे, मात्र पिण्याचे पाणी मोफत द्यावे लागेल आणि तान्ह्या बाळाचे खाणे अडवता येणार नाही. त्यामागचा तर्क मालमत्तेच्या हक्काचा आहे आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. पण तीन तासांच्या सिनेमात पॉपकॉर्न टाळता येते. नऊ तासांच्या दिवसात जेवण टाळता येत नाही. तेव्हा पार्काची किंमत तिकिटाएवढी समजणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. खरी किंमत तिकीट, जेवण, लॉकर, पोशाख, पेट्रोल आणि टोल मिळून होते, आणि ती तिकिटाच्या दुपटीकडे झुकली तर नवल वाटू नये.

यावर कुणी म्हणेल, पार्कवाले लुटतात असे सरळ सांगा. तसे मला म्हणायचे नाही, कारण ते खरे नाही. करमणुकीचे पार्क हा पैसे ओतावे लागणारा धंदा आहे. यंत्रे, बहुतेक परदेशी. त्यांची रोजची तपासणी, वीज, पाण्याचे शुद्धीकरण, जीवरक्षक, शेकडो माणसांचा पगार. हा सगळा खर्च पार्कात पाच हजार लोक आले तरी तेवढाच आणि पाचशे आले तरी जवळपास तेवढाच. कमाई मात्र शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा थीम पार्क आणि वॉटर पार्कांच्या प्रवेशावर २८ टक्के कर बसला होता, म्हणजे जवळजवळ चैनीच्या वस्तूंच्या रांगेत. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, मुंबईच्या एका पिढीला त्याच्या जाहिरातीची चाल अजून पाठ आहे, आणि २०२२ साली ते बंद पडले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली थाटात उघडले, कर्जाच्या ओझ्याने वाकले आणि २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. गिऱ्हाइकाला लुटून गबर झालेल्या धंद्याचे हे चित्र नव्हे. दर वाजवी असेल हे मी मान्य करतो. पण वाजवी दर हा विकणाऱ्याचा हिशोब आहे. खर्च भरून निघण्यासाठी लागणारी रक्कम आणि घेणाऱ्याच्या पदरात पडणारी गोष्ट यांचा मेळ बसेलच असे नाही. उत्तम शिवलेला कोट पुण्याच्या मे महिन्यात अंगावर घालण्याची सक्ती कुणी करत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला राणीची बाग आहे. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे तिकीट वर्षानुवर्षे मोठ्यांना पाच आणि मुलांना दोन रुपये होते. २०१६ साली पेंग्विन आले, त्यावरून वाद झाले, आणि ऑगस्ट २०१७ पासून महापालिकेने दर वाढवून मोठ्यांना ५० आणि मुलांना २५ रुपये केला. त्या वेळी दरवाढीची ओरड झाली. दहापट वाढ म्हटल्यावर ती होणारच होती. पण त्याच दरपत्रकात एक ओळ होती जिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. आईवडील आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला १०० रुपये. सुटी तिकिटे काढली असती तर १५० झाले असते. वाचलेले पन्नास रुपये फार नाहीत. महत्त्वाचे हे की तिथे कुटुंब हा एक ग्राहक मानला गेला. कुटुंबाची व्याख्या अर्थात कुटुंबनियोजनाच्या भिंतीवरची, आजीला त्यात जागा नाही. तरीही आत गेल्यावर जे घडते ते या ओळीला धरून घडते. हत्तीसमोर किंवा पेंग्विनच्या काचेसमोर उंचीची पट्टी नसते. पाच वर्षांचा मुलगा बाबांच्या खांद्यावर बसतो, मुलगी फलक वाचते, आजी पाण्यातल्या पक्ष्याला थंडी कशी वाजत नाही असे विचारते, आणि पाचही जण एकाच वेळी एकाच प्राण्याकडे पाहत असतात. पार्कात नऊ तासांत जे एकदाही घडत नाही ते इथे दर दहा मिनिटांनी घडते. (प्राण्यांना पिंजऱ्यात ठेवावे का, हा प्रश्न मोठा आहे आणि मला तो टाळायचा नाही, पण त्याची जागा वेगळ्या लेखात आहे.) पेंग्विन पाहायला लोक पन्नास रुपये देतील का, या शंकेचे उत्तर सुट्टीच्या दिवशी फाटकावरची गर्दी देते.

मुंबईत याच जातीची आणखी ठिकाणे आहेत. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून मुलांना हाताने यंत्रे हलवू देते, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट तर फुकटच आहे. पुण्यात पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ साली धावू लागली, आणि ज्यांनी तिच्यात बसून हात हलवले त्यांची नातवंडे तिच्यात बसून हात हलवू शकली. मात्र सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा सौदा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा आहे. अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी इथले भारतीयांसाठीचे तिकीट २०१८ सालच्या दरवाढीनंतर ४० रुपये झाले आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागतच नाही. आपल्या त्या पाच जणांच्या घराला वेरूळ १२० रुपयांत पडते. तिथे एक गोष्ट घडते जी कोणत्याही पार्कात घडू शकत नाही. कैलास लेण्यात रावण पर्वत हलवतो आहे असे शिल्प आहे. समोर उभे राहिल्यावर तो कोण, असे का करतो आहे, पार्वती का दचकली आहे, हे सांगायला भाड्याचा मार्गदर्शक लागत नाही, आजी पुरते. पार्कात पिशव्यांची राखण करणारी बाई इथे दिवसातली सगळ्यात कामाची व्यक्ती होते. हुरडा पार्टीचेही तसेच. ज्यांचे गाव सुटले त्यांना आता हुरडाही माणशी दराने विकत घ्यावा लागतो, राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरणही आणले. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. माझे मत वेगळे आहे. आगटीजवळ बसून ज्वारीचे कणीस कधी हुरड्याला येते, गुळभेंडी कुठली आणि चटणी कशाशी खायची हे सांगणारे म्हातारे माणूस घरात असेल, तर तो माणशी दर मला महाग वाटत नाही. ज्या घरात असे माणूस उरले नाही त्यांना तो महाग पडेल.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण त्यातला एक खरोखर जड आहे. स्वस्त सहल स्वस्त का पडते, याचे उत्तर पहाटे पाच वाजता स्वयंपाकघरात सापडते. दशम्या, पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दह्याचा डबा, लोणच्याची पुडी, पाण्याच्या सहा बाटल्या, धाकट्याचे जादा कपडे, वर्तमानपत्राचे कागद. ही सगळी तयारी घरातली एकच व्यक्ती करते, आणि संध्याकाळी परतल्यावर डबेही तीच घासते. सहलीच्या हिशोबात या कामाला रक्कम लावलेली नसते. पार्कात डबा अडवतात म्हणून कुरकुरणारे बहुधा डबा करणारे नसतात. ज्या बाईला वर्षातले साडेतीनशे दिवस स्वयंपाक चुकत नाही तिला फूड कोर्टातले महागडे आणि बेचव छोले-भटुरेही सुट्टीसारखे वाटू शकतात. तिने ‘या वेळी पार्कच’ म्हटले तर तो तिचा हिशोब आहे आणि तो अचूक आहे. तेव्हा वर मी मांडलेले मोजमाप जसेच्या तसे ठेवता येत नाही. पाच जण एकत्र आहेत का, एवढे पाहून भागत नाही. त्या पाचांपैकी कुणी राबत तर नाही ना, हेही पाहावे लागते. पण या आक्षेपाचे उत्तर महाग पार्क हे असलेच पाहिजे असे नाही. वेरूळच्या किंवा सिंहगडाच्या वाटेवर पिठले-भाकरी विकत मिळते, आणि ती विकत घ्यायला बाबांनी कंजुषी सोडली की काम भागते. स्वस्त ठिकाणी वाचलेले हजारो रुपये जेवणावर मोकळ्या हाताने खर्च करावेत. ते वाचवून पुन्हा डबाही घरूनच न्यायचा, हा हिशोब एकीच्या जिवावर जमवलेला असतो.

दुसरा आक्षेप असा की सार्वजनिक ठिकाणे स्वस्त दिसतात ती करदात्यांच्या पैशावर, आणि खासगी पार्काची त्यांच्याशी तुलना करणे अन्यायाचे आहे. पहिला भाग खरा आहे. पण तो कर त्या कुटुंबाने आधीच भरलेला आहे. राणीच्या बागेत न गेल्याने तो परत मिळत नाही, उलट दिलेल्या पैशाचा उपयोग करून न घेण्यातच तोटा आहे. एसटीचेही असेच आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, बारा वर्षांखालील मुलांना अर्धे आणि पाच वर्षांखालील मुलांना मोफत हे तर जुनेच. एखाद्या कुटुंबात बापच काय तो पूर्ण तिकिटाचा प्रवासी उरतो. सहलीचा निम्मा खर्च प्रवासाचा असतो हे धरले, तर सार्वजनिक वाहन आणि सार्वजनिक ठिकाण यांची जोडी अजिंक्य आहे. अडचण पैशाची नाहीच. अडचण आहे स्वच्छतागृहाची, सावलीची, पिण्याच्या पाण्याची, बसायच्या जागेची आणि परतीच्या गाडीच्या वेळापत्रकाची. लोक पार्काला हजार रुपये देतात त्यातले निम्मे राइडचे आणि निम्मे स्वच्छ न्हाणीघराचे असतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती फार होणार नाही. बाईमाणसाने दिवसभर पाणी कमी प्यायचे आणि सहल साजरी करायची, ही अनेक गडांवरची आणि बागांमधली स्थिती आहे. ती तशी ठेवून ‘स्वस्तात मस्त’चे गोडवे गाणे बरे नव्हे. माझे म्हणणे असे की पालिकांनी आणि पुरातत्त्व खात्याने तिकीट थोडे वाढवावे, कौटुंबिक तिकीट आजीआजोबांसकट काढावे, आणि वाढीचा पैसा आधी नळ, सावली आणि संडास यांवर घालावा. लोक देतील. भायखळ्याने ते दाखवले आहे.

तिसरा आक्षेप मुलांचा. त्यांना लेणी नकोत, त्यांना पोटात गोळा आणणारी राइड हवी असते, आणि वर्गातली अर्धी मुले जाऊन आलेली असतात. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. भीतीचा सुरक्षित अनुभव ही किशोरवयाची खरी भूक आहे. जत्रेतल्या गंजक्या पाळण्यापेक्षा तपासणी होणाऱ्या यंत्रावर ती भागलेली बरी. वर्गात सांगायला काहीतरी असणे हीसुद्धा छोट्या खोलीत राहणाऱ्या मुलासाठी मोलाची गोष्ट आहे, आणि ज्यांच्याकडे सांगायला पुष्कळ आहे त्यांनी तिला दिखावा म्हणू नये. पण ही भूक मुलांची आहे, कुटुंबाची नाही. ती भागवायला पाच जणांनी पाच तिकिटे काढून जाण्याची गरज नसते. दोन-तीन घरांतली मोठी मुले एकत्र करावीत, बरोबर एक काका किंवा मावशी द्यावी जिला स्वतःला राइड आवडतात, आणि बाकीच्यांनी घरी राहावे किंवा दुसरीकडे जावे. तिकिटे निम्मी लागतील आणि प्रत्येक तिकीट पुरेपूर वापरले जाईल.

राहता राहिली आठवण. लोक म्हणतात, खर्च विसरतो, आठवण राहते. डॅनिएल कानमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अनुभव किती लांबला हे माणसाच्या लक्षात फारसे राहत नाही. लक्षात राहतो त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट. तीव्र क्षण पुरवण्यात पार्काला तोड नाही. पण शेवट पार्काच्या हातात नसतो. रविवारी संध्याकाळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्यापाशी तुंबलेली गाडी, मागे ओल्या कपड्यांची पिशवी, कंटाळून रडणारा धाकटा आणि दुसऱ्या दिवशीची शाळा, हा त्या दिवसाचा शेवट असतो. तास-दीड तासाच्या अंतरावरचे, दुपारी चारला उरकणारे, संध्याकाळी घरी चहाला पोचवणारे ठिकाण आठवणीच्या हिशोबातही कमी पडत नाही. फक्त त्याचे फोटो कमी झोकदार येतात.

तेव्हा घरातली मुले दहा ते सोळा वर्षांची असतील, मोठ्यांनाही राइडचा नाद असेल आणि आडवारी सुट्टी काढता येत असेल, तर पार्काचे तिकीट खुशाल काढा, ते पैसे वाया जात नाहीत. घरात पाच वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांची आजी असेल तर काढू नका. वेरूळला, विज्ञान केंद्रात किंवा राणीच्या बागेत जा, जेवण बाहेरच घ्या, आणि स्वच्छतागृह खराब असेल तर तिथल्या तक्रारवहीत लिहून या. राणीची बाग बुधवारी बंद असते.